बुधवारचा उपास

सुमेधा: वीस मे! अप्पा, या पत्रावर वीस मे तारीख आहे. आज नऊ जुलै.

अप्पा: मला ठाऊक आहे.

सुमेधा: म्हणजे पन्नास दिवस!

अप्पा: त्यातले सात रविवार वजा कर. रविवारी टपाल जात नाही.

सुमेधा: आणि शब्दकोशात काय करतंय हे? मी आपली 'कबंध' शब्द बघायला गेले, तर मधूनच कमळाकर निघाले.

अप्पा: 'क'मध्येच ठेवलं होतं ना? मग बरोबर आहे. एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो बाळ, हाताची सवय जात नाही.

सुमेधा: हे कोण पण?

अप्पा: आमच्या ग्रंथालयाचा बाइंडर. फाटलेली पुस्तकं तो बांधायचा. सत्तावीस वर्षं एका खोलीत बसलो आम्ही. निवृत्त झाल्यावर तो वाईला गेला, मी तुझ्या बाबांबरोबर इकडे वाशीला आलो. तू ते वाचू नकोस. ठेव बरं.

सुमेधा: 'प्रिय श्यामसुंदर यास सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम.'

अप्पा: सुमेधा, दुसऱ्याचं पत्र आहे.

सुमेधा: पन्नास दिवस पडून राहिलं की ते सार्वजनिक होतं. 'आमच्या मीनाने घराण्याचे नाव काढले. वय सोळा, पण वृत्ती साध्वीची. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे पाच उपास धरते. आळीतल्या बायका आपापल्या मुलींना तिचे उदाहरण देतात. आता तिला बुधवारचा उपास हवा आहे. इकडे कोणास माहिती नाही. तुजकडे ते व्रतांचे जाडे पुस्तक होते, मीच हिरव्या कापडात बांधून दिलेले. त्यात पाहून कृपया कळवावे.'

अप्पा: पुढचं वाचू नकोस.

सुमेधा: 'स्वैपाकघर तिनेच हाती घेतले आहे. रोज नवा पदार्थ करते, आम्हांस आग्रह करकरून वाढते. मला पँटी ढिल्या करून घ्याव्या लागल्या. स्वतः मात्र दिवसाकाठी ताक घेते. थोडी अशक्त झाली आहे, भर उन्हाळ्यात शाल पांघरते. पण चेहऱ्यावर काय तेज आहे म्हणून सांगू!' … अप्पा.

अप्पा: म्हणून म्हटलं, वाचू नकोस.

सुमेधा: ही तर मी आहे.

अप्पा: होय.

सुमेधा: मी हुबेहूब अशीच होते. मे महिन्यात स्वेटर! वाशीत! लोक पंख्याखाली ओली चादर लावून झोपत होते आणि मी मरून रंगाच्या स्वेटरमध्ये. आणि ते तेज! माझ्याही तोंडावर होतं ना तेज?

अप्पा: होतं. म्हणजे नव्हतं. मीच म्हणालो होतो की आहे.

सुमेधा: आणि यांना तुम्ही काहीच कळवलं नाही?

अप्पा: कळवत होतो. ती बघ, त्याच पानात खाली तीन आंतर्देशीयं आहेत.

सुमेधा: थांबा, ही तर वाचायलाच हवीत. पहिलं. 'विलंबाबद्दल क्षमस्व. विलंबाची कारणे येणेप्रमाणे…' अप्पा, अख्खं आंतर्देशीय कारणांत संपलंय!

अप्पा: कारणं खरी होती.

सुमेधा: दुसरं. 'कदाचित माझा ग्रह चुकीचा असेल, परंतु कदाचित मीनास, अर्थात मी काही वैद्य नव्हे, कदाचित एक प्रकारची…' इथे आणखी एक कदाचित. इथे बहुधा. इथे 'माझ्या अल्पमतीप्रमाणे'. यात आजार कुठे आहे?

अप्पा: शेवटच्या ओळीत यायचा होता. जागा उरली नाही.

सुमेधा: आणि तिसरं? 'प्रिय कमळाकर'. बस. संपलं.

अप्पा: तिन्हींत तेच त्यातल्या त्यात बरं आहे.

गोजरा: बाय, दार सताड उघडं टाकून हसतेस काय? जरा मासलीच्या टोपलीला हात लाव, मान मोडली माझी.

सुमेधा: या या गोजरामावशी! अगदी वेळेवर आलात. अप्पांनी पन्नास दिवस एक पत्र दाबून ठेवलंय.

गोजरा: कुना बाईचं?

अप्पा: अहो, काहीतरीच काय!

गोजरा: लाजले बघ. मंग कुनाचं?

सुमेधा: यांच्या मित्राचं, वाईहून. त्यांच्या नातीला बुधवारचा उपास हवाय.

गोजरा: बुधवारचा? नाय, नाय. सोमवार तुमच्या देवाला, गुरुवार देवाला, शनिवार देवाला. बुधवार, शुक्रवार, रविवार माझ्या टोपलीचे. देवानं आनि मी वाटून घेतलेत. बुधवार कुनाला मिलनार नाय.

सुमेधा: मावशी, तिला माझ्यासारखं झालंय.

गोजरा: तुझ्यासारखं म्हनजे… तसं?

सुमेधा: तसंच. शाल घेऊन बसते. सगळ्यांना करून घालते.

गोजरा: आनि सोत्ता खात नाय. अरे द्येवा. अप्पा, तुमाला पन्नास दिस ठावं होतं?

अप्पा: ठाऊक म्हणजे, शंका होती. मी कोण सांगणारा? दोनशे किलोमीटरवरून, पत्र वाचून, एका मुलीला आजारी ठरवायचं? ती खरोखरच श्रद्धाळू असेल तर? कमळाकर इतका आनंदात आहे. त्याची नात साध्वी आहे आणि मी लिहायचं, नाही रे, तिला रोग आहे. सत्तावीस वर्षांची मैत्री.

गोजरा: मी कोन होते सांगनारी? मासलीवाली. तरी बोलले का नाय?

सुमेधा: आणि आईने दोन आठवडे तुमच्याकडून मासे घेतले नाहीत.

गोजरा: तीन आठवडे! तुझी आई चारुलता, हपिसात मोठी बाय. मना म्हनते, 'गोजरा, तू तुझ्या टोपलीचं बघ.' बघतच होते. सुटे पैसे देताना तुझा हात हाताला लागला, तर बरफातल्या पापलेटासारखा गार. मनगटावर बारीक बारीक लव उगवलेली, तान्या पोराच्या कपालावर असते तशी. आनि ती चतुर्थी! आठवते?

सुमेधा: आठवते. नका सांगू.

गोजरा: सांगनार. चतुर्थीला आमच्या गावात पोरं चंद्राची वाट बघत माल्यावर चढून बसतात. उपास सुटायचा म्हनजे केवढी गंमत! तुमच्या घरी मोदक मांडलेले, आनि ही बाय म्हनते, ढग हायेत, चंद्र दिसला नाय, मी जेवनार नाय. क्यालेंडरात वेल छापलेली हाय गो, म्हनलं. तर रडाया लागली. उपास सुटायच्या वक्ताला मानूस हसतं. ही रडत होती. तवाच मी म्हनलं, ह्यो देवाचा उपास नाय.

सुमेधा: आणि आमचे फॅमिली डॉक्टर काय म्हणाले होते? 'टॉनिक देतो, आणि दोन वर्षांत लग्न उरका.' टॉनिक दोन चमचे, नवरा एक!

अप्पा: हसतेस काय? त्या दिवसांत मला झोप नव्हती.

सुमेधा: मग आता हसू द्या ना. तेव्हा घरात कोणी हसलंच नाही. मावशी, मीनाला आपण वाचवायचं. आषाढी पुढच्या गुरुवारी आहे, तिथून ती चार महिने एकदाच जेवणार आहे, असं पत्रात शेवटी लिहिलंय. पत्राला वाईला पोचायला चार दिवस लागतात. पेटी पाचला उघडतात. आत्ता वाजलेत चार.

गोजरा: मंग तार ठोका.

अप्पा: तार नको. वाईला तार गेली की फोडायच्या आत रडारड सुरू होते. आणि दहा शब्दांत काय लिहायचं? 'मीना आजारी. उपास थांबवा. श्यामसुंदर.' त्याला वाटेल मला वेड लागलं.

सुमेधा: हे तिसरं घ्या. 'प्रिय कमळाकर' तयारच आहे, मेहनत वाचली. लिहा.

गोजरा: आनि बाय, चार वाजले ना? तुझी बशी?

सुमेधा: आणते. बघा, न सांगता आणते. केळं आणि शेंगदाण्याचा लाडू. तुम्ही पहाऱ्याला बसलात तरी चालेल.

अप्पा: अजून… म्हणजे, विचारू नये मी… अजून त्रास होतो?

सुमेधा: होतो की. लाडू दिसला की डोक्यात एक वकील उभा राहतो, काळा कोट घालून. 'माय लॉर्ड, अर्धाच खावा. माय लॉर्ड, सकाळी पोळी झाली आहे.' पूर्वी मी त्याचं सगळं ऐकून घ्यायचे. आता त्याला पुढची तारीख देते.

गोजरा: आनि लाडू?

सुमेधा: लाडू आजच निकालात. लिहा, अप्पा.

अप्पा: 'तुझे पत्र पावले. विलंबाबद्दल…'

सुमेधा: विलंब नाही!

अप्पा: बरं. 'मीनाविषयी वाचून कदाचित…'

गोजरा: अप्पा, मी टोपली घेऊन जिना चढले आनि वरडले, 'कदाचित ताजी बोंबील, कदाचित ताजी!' तर कोन घील?

अप्पा: कोणी नाही.

गोजरा: मंग.

अप्पा: 'मीनाविषयी वाचून मला काळजी वाटली. माझ्या सुमेधाला दोन वर्षांपूर्वी हेच झाले होते.' तुझं नाव घालू?

सुमेधा: ठळक घाला. खाली रेघ मारा.

अप्पा: 'ही भक्ती नव्हे. हा आजार आहे. याला ॲनोरेक्सिया म्हणतात. मन अन्नाला भिते, आणि भीतीला व्रताचे नाव मिळाले की घरातल्या कोणालाच संशय येत नाही.'

सुमेधा: अप्पा! काय लिहिलंत! एकही कदाचित नाही!

अप्पा: एक घालू का?

दोघी: नाही!

अप्पा: आता लक्षणं. 'सतत थंडी वाजणे, चक्कर, केस गळणे, नाडी मंद होणे… व इतर गोष्टी.'

सुमेधा: इतर म्हणजे?

अप्पा: कमळाकरला कळेल.

सुमेधा: नाही कळणार. तुम्हाला कळलं होतं? पाळी बंद होते, असं लिहा.

अप्पा: मी? कमळाकरला? आम्ही सत्तावीस वर्षांत असला शब्द…

सुमेधा: मुंबईच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला पहिला प्रश्न तोच विचारला होता. आईला सांगता आलं नाही, कारण तिने मला विचारलंच नव्हतं. लिहा.

गोजरा: लिवा, अप्पा. तुमाला काय पत्रात कोनी बघतंय? मी तोंड फिरवते पाहिजे तर.

अप्पा: 'मासिक पाळी थांबणे. हे तिच्या आईने तिला प्रेमाने विचारावे.' झालं. कान तापले माझे.

सुमेधा: सॉलिड! आता काय करायचं ते. आधी दवाखाना. पुण्याला न्या म्हणावं, मोठ्या हॉस्पिटलात. आजाराचं नाव चिठ्ठीवर लिहून बरोबर न्या म्हणावं. तुम्ही ग्रंथालयातून सहा ओळी उतरवून आणल्या होत्यात, ती चिठ्ठी बघून तर मुंबईच्या त्या डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या होत्या.

अप्पा: 'घरच्या घरी एकदम भरपूर खाऊ घालू नकोस. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला अचानक अन्न सोसत नाही, जिवावर बेतते. डॉक्टर सांगतील तसे हळूहळू वाढवायचे. सुमेधास तीन आठवडे दवाखान्यात ठेवले होते. पुढे घरी दिवसातून सहा वेळा, ठरल्या वेळी, तिच्या आईने वाढलेले. ताटावर रागावणे नाही, कौतुक नाही, तब्येतीचा विषय नाही. वजनकाटा घरात नाही. जेवणानंतर तासभर कोणीतरी शेजारी बसावे, कारण ती वेळ सर्वांत अवघड.'

सुमेधा: आणि तो तास माझा अप्पांकडे होता! मावशी, ऐका. हे मला रोज काहीतरी वाचून दाखवायचे. एकदा हाताशी पुस्तक नव्हतं, तर एस.टी.चं वेळापत्रक घेतलं. 'पनवेल ते महाड, सहा वीस. पनवेल ते अलिबाग, सहा पन्नास, वडखळमार्गे.' आवाज एकदम कथेकऱ्याचा! महाडची गाडी चुकली तर काय होईल म्हणून मला टेन्शन आलं.

गोजरा: आनि पोट दुखायचं ते?

सुमेधा: वडखळच्या पुढे विसरले.

अप्पा: तू त्या दिवशी पहिल्यांदा हसलीस. मला वाटलं, माझं काही चुकलं.

सुमेधा: लिहा ना तेही. आणि मध्ये एकदा परत घसरले, तेही लिहा. नाहीतर मीना एकदा घसरली की त्यांना वाटेल, सगळं संपलं.

अप्पा: 'मध्यंतरी पुन्हा दोन महिने वाईट गेले. तेव्हा धीर सोडू नये. दीड वर्ष लागले.' … खाली अजून सहा-सात ओळींची जागा आहे. 'कळावे, लोभ असावा' लिहून टाकतो.

सुमेधा: थांबा. बुधवारच्या उपासाचं उत्तर?

अप्पा: ते सोडून देऊ.

सुमेधा: त्यांनी विचारलंय तेवढंच तर आहे. ते म्हणतील, मी पुस्तक बघायला सांगितलं, याने व्याख्यान दिलं.

अप्पा: तेवढं मला लिहिता येत नाही.

गोजरा: का हो?

अप्पा: कारण ते मला माहीत आहे. गोजराबाई, सातही वारांचे उपास मला माहीत आहेत. ही पंधरा वर्षांची असताना माझ्याकडे यायची, 'अप्पा, गुरुवारी कोणाचं व्रत असतं? अप्पा, बुधवारी?' आणि मी त्या हिरव्या पुस्तकातून शोधून द्यायचो. पानांचे आकडे घालून, सुवाच्य अक्षरात. चंद्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सोडू नये, हा आधारही मीच काढून दिला. सातवा वार सापडला तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! या घरात पुस्तकातलं मला कोणी काही विचारत नव्हतं. पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं.

गोजरा: अप्पा…

अप्पा: कमळाकरचं पत्र आलं त्या दिवशी मी काय केलं, सांगू? आधी उठून पुस्तक काढलं. बुधवारचं पान उघडलं, मग पुढची ओळ वाचली. शालीची. असा मी माणूस. मी कोणाला काय शहाणपण शिकवणार?

सुमेधा: अप्पा, मला माहीत होतं.

अप्पा: काय?

सुमेधा: की तुम्ही खूश होता ते. म्हणूनच तुमच्याकडे यायचे. आईला बुधवारचा उपास विचारला असता तर लाटणं मिळालं असतं. बाबांनी हिशेब विचारला असता. तुम्ही फक्त पान शोधायचात. तो वकील हुशार होता हो, बरोबर साक्षीदार निवडला त्याने.

अप्पा: म्हणजे तू मला…

सुमेधा: फसवलं. चक्क फसवलं. दोन वर्षं सांगायचं होतं, धीर होत नव्हता. मला वाटायचं, तुम्हाला कळलं तर तुम्ही पुन्हा काही शोधूनच देणार नाही.

अप्पा: आणि मला वाटायचं, तुला कळलं तर तू मला कधी काही विचारणारच नाहीस.

गोजरा: दोगं बी येडे. एका घरात ऱ्हाता आनि पत्रं लिवायची पाली आली.

सुमेधा: हेच लिहा, अप्पा. कमळाकरआजोबांना राग येईल ना, की हा माझ्या साध्वीला आजारी म्हणतो? मग आधी तुमचंच सांगा.

अप्पा: पण जागा सहा ओळींचीच.

सुमेधा: पुरे झाल्या.

अप्पा: 'बुधवारचा उपास मला सापडला आहे, पण तो मी तुला कळवणार नाही. माझ्या नातीला सातही वार मीच शोधून दिले होते. तेज मलाही दिसले होते. तुझी चूक नाही, माझीही बहुधा नसेल…'

सुमेधा: बहुधा!

अप्पा: हे एक राहू दे गं. हे खरंच बहुधा आहे. '…पण आता कळले आहे, तर वाट पाहू नकोस. आषाढीच्या आत तिला डॉक्टरकडे ने. तुझा, श्यामसुंदर.'

सुमेधा: आता ती दुमडायची पट्टी मला द्या. मी मीनाला लिहिते. 'मीना, मी सुमेधा. सारखा तोच विचार करून फार बोअर होतं ना? मला लिही. माझ्याकडे वकिलाचे सगळे मुद्दे पाठ आहेत.' झालं!

गोजरा: कसला वकील, तिला कलनार नाय.

सुमेधा: तिला लगेच कळेल, मावशी. दुसऱ्या कोणालाच कळणार नाही.

गोजरा: चला मंग, उठा! पावने पाच. चपला घाला. अप्पा, गोंद नका शोधू, जिभेनं चिकटवा!

(रस्त्यावर, टपालपेटीपाशी.)

अप्पा: पत्ता एकदा बघ.

सुमेधा: तीनदा बघितला.

अप्पा: पिनकोड?

गोजरा: पिनकोड हाय, गाव हाय, नाव हाय. माझी बस जाईल, अप्पा. टोपलीतली मांदेली वास मारतील.

अप्पा: कमळाकर रागावला तर?

सुमेधा: तर ते तसं पत्र लिहितील. तुमच्यापेक्षा लवकर लिहितील.

अप्पा: आणि माझं चुकलं असेल तर? मीनाला काहीच झालेलं नसेल तर?

सुमेधा: तर मीना ठणठणीत असेल, आणि तुम्ही मूर्ख ठराल. चालेल?

अप्पा: … हो. ते चालेल. ते तर फारच चांगलं होईल.

गोजरा: मंग टाका!

अप्पा: टाकलं. … पडलं का?

सुमेधा: पडलं. आवाज आला.

अप्पा: मला नाही ऐकू आला.

सुमेधा: आम्हा दोघींना आला, अप्पा. आता हात बाहेर काढा.